दहाव्या वर्षी मुलांची वाटणी

म्युनिकमध्ये शाळेचं वर्ष जुलैअखेर संपतं. तोवर महाराष्ट्रात पोरं नव्या वर्गात रुळलेलीही असतात. यंदा माझ्या लेकीची चौथी संपतेय आणि मुलाची नववी. परवा साताऱ्याहून ताईचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "तुमचं बरं आहे बाई, पोरांना परीक्षेचं टेन्शन नाही." हे मी अनेकांकडून ऐकलंय. पाचवी-आठवीत नापास करावं की नाही, या आपल्याकडच्या वादात तर परदेशाचा दाखला दोन्ही बाजू देतात. एक म्हणते, तिकडे मुलांवर ताण नाही. दुसरी म्हणते, जर्मनीत बघा, जमलं नाही की सरळ त्याच वर्गात बसवतात. दाखला द्यायचाच तर पुरता द्यावा.

म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात १ हा सगळ्यांत चांगला गुण आणि ६ सगळ्यांत वाईट. मेच्या सुरुवातीला चौथीच्या मुलांच्या हाती एक वेगळं प्रगतिपुस्तक पडतं, पुढची शाळा ठरवणारं. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाची सरळ वाट. २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. त्यापुढे मिटेलशूल, मुख्यतः कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी. बोटांवर मोजून बघा. २, २, ३ मिळाले तर बेरीज ७ आणि गिम्नाझियम. २, ३, ३ मिळाले तर बेरीज ८, आणि शाळा बदलली. एका विषयातला एक गुण, आणि मूल जेमतेम दहा वर्षांचं. हुकलेल्यांसाठी तीन दिवसांचा चाचणी-वर्ग असतो, पण तिथे पाठवायचं का, तयारी कशी करून घ्यायची, हे घरात कळणारं कोणी हवं.

लेकीच्या वर्गातला एक मुलगा गणितात सगळ्यांच्या पुढे आहे. आईवडील दोघंही पाळ्यांमध्ये काम करतात, घरची भाषा तुर्की. जर्मन निबंधात त्याला ३ मिळत राहिले, परिसर अभ्यासातही ३. बेरीज ८. माझ्या लेकीची ७ झाली. तिचे निबंध शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाई वर्षभर वाचून देत होत्या, हे मला विसरता येत नाही.

हा एका वर्गापुरता प्रकार नाही. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २००० साली जर्मनीची मुलं मागे पडली, त्याचा इथे मोठा धक्का बसला. त्याहून वाईट होतं ते हे की आईबापांची परिस्थिती आणि मुलाचं यश यांची गाठ जर्मनीत इतर बहुतेक देशांपेक्षा घट्ट निघाली. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग या राज्यांत प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आहे. हँबुर्गनेही तसं करायचं ठरवलं होतं, पण २०१०च्या जुलैमध्ये जनमतात ते फेटाळलं गेलं. विरोधात पुढे होते ते मुख्यतः सुस्थितीतले पालक. मला त्याचा राग येतो. इतक्या लवकर मुलांची वाटणी करणं चूक आहे, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे दहावीपर्यंत सगळी पोरं एका बाकावर बसू शकतात, ही मोठी गोष्ट आहे.

आता दुसरी बाजू. माझा मुलगा रेआलशूलमध्ये आहे. "गिम्नाझियम का नाही?" हा प्रश्न सुट्टीत गावी गेलं की ठरलेला. या वर्षी शाळेतून त्याला आठवडाभर एका वीजकाम करणाऱ्या कारखानदाराकडे पाठवलं. पहिल्या दिवशी लोखंडी टोकाचे बूट घालून त्याने फरशी झाडली, तिसऱ्या दिवशी नळीतून केबल ओढली, आणि रोज नऊ वाजता सगळ्यांबरोबर बसून पाव खाल्ला. शेवटी मालकाने कागदावर शेरा लिहून दिला आणि पुढच्या वर्षी अर्ज कर म्हणाला. असं काम शिकणाऱ्याला २०२५ मध्ये पहिल्या वर्षी महिन्याला किमान ६८२ युरो विद्यावेतन कायद्याने मिळत होतं. पुढे वरची परीक्षा देऊन तो माइस्टर, म्हणजे उस्ताद कारागीर, झाला तर विद्यापीठातही जाऊ शकतो. रेआलशूलनंतर दोन-तीन वर्षांत उच्च शिक्षणाकडे वळायची वेगळी वाटही आहे. दहाव्या वर्षी लावलेलं दार नंतर उघडतं. किल्ली मात्र ज्याला माहीत आहे त्यालाच सापडते.

शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचं नाही असं ठरलं होतं. २०१९ मध्ये तो कायदा बदलला आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी-आठवीला परीक्षा, न जमल्यास जादा मार्गदर्शन, दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा, तरी न जमल्यास पुन्हा तोच वर्ग, असा नियम आणला. चार वर्षं शाळेत बसूनही ज्याला धड वाचता येत नाही, त्याचं दोन महिन्यांत काय होणार? ते मूल वाचू शकत नाही हे दुसरीतच कळायला हवं होतं आणि तेव्हाच कोणीतरी त्याच्या शेजारी बसायला हवं होतं. शिक्षकाला निवडणुका आणि सर्वेक्षणांतून सोडवा, मग पोराला नापास करायचं बोला.

यंदा राज्याचा दहावीचा निकाल लागला. चौकात नव्वदवाल्यांचे फलक लागले. ताईच्या धाकट्याला ६१ टक्के आहेत. फोन खरं तर त्यासाठीच होता. त्याला आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड घ्यायचाय, घरातला पंखा, मोटर, पाण्याचा पंप तो लहानपणापासून उघडतोय, आणि दाजी म्हणतात, लोक काय म्हणतील, अकरावी सायन्सला टाक. प्रवेशाच्या फेऱ्या चालू आहेत. मी ताईला सांगितलं, अर्जात पहिली पसंती त्याचीच राहू दे, दाजींशी मी बोलते.