वुमन इन द ड्यून्स : तो हरला असं मला वाटत नाही

'वुमन इन द ड्यून्स' या जपानी सिनेमावर जिथे जिथे बोलणं होतं तिथे शेवटी गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबते, की त्यातला मास्तर बिचारा हरला, कैदेची सवय झाली, माणूस कशालाही सरावतो. मला हे अजिबात पटत नाही आणि का पटत नाही हे सांगायचं तर शेवट सांगावा लागणार, तेव्हा ज्यांना कोऱ्या पाटीने बघायचाय त्यांनी इथेच थांबा, आधी सिनेमा बघा आणि मग या.

कोबो आबेची कादंबरी 1962 ची, सिनेमा 1964 चा, दिग्दर्शक हिरोशी तेशिगाहारा आणि पटकथा स्वतः आबेचीच. एक शाळामास्तर रजा काढून समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये किडे गोळा करायला येतो, एखादी नवीन जात सापडली तर पुस्तकात आपलं नाव छापून येईल एवढंच त्याचं स्वप्न. शेवटची बस चुकते, गावातले लोक म्हणतात रात्रीची सोय करतो, आणि दोरीच्या शिडीवरून त्याला एका खोल खड्ड्याच्या तळाशी असलेल्या घरात उतरवतात. तिथे एक विधवा बाई एकटीच राहते. सकाळी उठून बघतो तर शिडी गायब! मग रोज रात्री वाळू उपसायची, वरचे लोक ती ओढून घेणार, बदल्यात पाणी, सिगारेट, दारू वगैरे खाली सोडणार, आणि उपसणं थांबवलं की पाणी बंद.

सगळे याला सरिअल, म्हणजे स्वप्नासारखा विचित्र, म्हणतात, आणि आहेच तो, पण जरा नीट बघा, यात एकही चमत्कार नाही, भूत नाही, काही नाही. लबाडी म्हणावी तर एकच, कोरडी वाळू साधारण 34 अंशांपेक्षा जास्त उभी राहतच नाही, घसरते, त्यामुळे त्या खड्ड्याचा भिंतीसारखा कडा प्रत्यक्षात असूच शकत नाही. ही एक गोष्ट मान्य केली की बाकी सगळं इतकं खरं आहे की अंगाला खाज सुटते. पहिल्याच रात्रीचं जेवण घ्या. तो जेवायला बसतो आणि ती बाई त्याच्या डोक्यावर छत्री टांगते, का, तर छपरातून वाळू गळते आणि अन्नात पडते. ती हे इतक्या सहज करते जसं काही सगळ्या जगात लोक छत्रीखालीच जेवतात, आणि तो चक्रावून वर बघत राहतो. हिरोशी सेगावाचा कॅमेरा तर सुरुवातीलाच वाळूचा एक कण पडदाभर दाखवतो, शिळेएवढा, मग बरेच कण, मग टेकड्या. पुढे तोच कॅमेरा त्या दोघांच्या घामेजल्या कातडीवर चिकटलेले कण तितक्याच जवळून बघतो. त्यात तोरू ताकेमित्सुचं संगीत, तारा खरवडल्यासारखे ते आवाज, कित्येकदा कळतच नाही की हे वाद्य आहे की वाळू सरकतीये.

आता त्या बाईबद्दल. क्योको किशिदाने हे काम असं केलंय की दोन वेळा बघितल्याशिवाय कळत नाही ती काय काय करतीये (याच किशिदाने पुढे 1969 च्या जपानी मूमिन कार्टूनला आवाज दिला, ऐकून विश्वास बसत नाही). तिचा नवरा आणि मुलगी वादळात वाळूखाली गेले. ती माणसं तिथेच कुठेतरी पुरलेली आहेत, आणि मास्तर तिला विचारतो की तू जगण्यासाठी उपसतेस की उपसण्यासाठी जगतेस! या प्रश्नाचं लोकांना फार कौतुक, मला मात्र तो प्रश्न क्रूर वाटतो. तो तिला बांधून ठेवतो, तोंडात बोळा कोंबतो, आणि तरी आपण प्रेक्षक म्हणून बराच वेळ त्याच्याच बाजूने असतो. मण्यांचं बारीक काम करून पैसे साठवून तिला एक रेडिओ घ्यायचाय, बास, एवढीच मागणी.

आणि ती वाळू जाते कुठे? गावकरी ती खारट वाळू स्वस्तात बांधकामाला विकतात. मास्तर ओरडतो की अशा वाळूने बांधलेलं सगळं ढासळेल, तर तिचं म्हणणं, दुसऱ्यांचं काय व्हायचं ते होवो, आम्हाला काय. 1964 म्हणजे टोकियो ऑलिंपिकचं वर्ष, शिंकानसेन ही बुलेट ट्रेन सुरू झाली ते वर्ष, देशभर नुसतं काँक्रीट ओतलं जात होतं. त्या काँक्रीटच्या खाली कोण आहे हे या सिनेमात सरळ दिसतं, भाषण न देता. तिचं ते वाक्य स्वार्थी वाटतं खरं, पण त्या देशाने तरी कधी तिची विचारपूस केली होती?

तर शेवट. मास्तर पळायचे सगळे प्रकार करतो, दोरीला कात्री अडकवून एकदा वर पोचतोही, पण दलदलीसारख्या वाळूत रुततो आणि परत आणला जातो. मग एक असा घाणेरडा प्रसंग येतो की गावकरी वरून मुखवटे घालून, ढोल बडवत तमाशा बघायला जमतात, मास्तरला समुद्र बघू देण्याच्या बदल्यात त्यांना काय हवं असतं ते इथे लिहवत नाही. मास्तर त्यालाही तयार होतो, ती बाई मात्र जीव तोडून विरोध करते. त्यानंतर कावळे पकडायला त्याने जो सापळा वाळूत पुरलेला असतो, ज्याचं नाव त्याने 'आशा' ठेवलेलं असतं, त्यातल्या बादलीत पाणी साठलेलं सापडतं. वरची वाळू कोरडी होताना खालची ओल वर खेचली जाते, हे त्याच्या लक्षात येतं आणि तो वेड्यासारखा नोंदी करायला लागतो. लोक इथे झोपतात का हो? या गावाने त्याला आणि तिला ताब्यात ठेवलंय ते पाण्यावर! ज्याला वाळूतून पाणी काढता येतं त्याला तहानेने कोण वाकवणार?

पुढे तिचा गर्भ गर्भाशयाबाहेर वाढत असल्याचं कळतं, तिला गुंडाळून दोराने वर ओढून नेतात, गडबडीत शिडी तशीच राहते. तो चढतो, वारा खातो, समुद्र बघतो, आणि खाली येतो. कोणी अडवलेलं नसताना. जो माणूस किड्याला आपलं नाव मिळावं म्हणून आला होता त्याने आयुष्यात पहिल्यांदा खरंच काहीतरी शोधलंय आणि ते ज्यांना सांगावं, ज्यांना त्याची किंमत कळेल, अशी माणसं फक्त याच गावात आहेत. पळायचं तर नंतरही पळता येईल, असं त्याच्या मनात असतं. मग पडद्यावर कोर्टाचा कागद येतो, निकी जुनपेई, सात वर्षं बेपत्ता. नाव तिथे कळतं. सुरुवातीलाच तो दाखले, ओळखपत्रं, शिक्के यांच्यावर चिडलेला असतो ते आठवा, मग हा कागद हार वाटणार नाही.

मला खुपतं ते वेगळंच. तिचं पुढे काय झालं, ती वाचली का, हे सिनेमा सांगत नाही, तिचं नावसुद्धा सांगत नाही. ती जाताना जे विव्हळते त्यावर कोणी लिहीत नाही, सगळे त्याच्या स्वातंत्र्यावर निबंध लिहितात, आणि हो, मीही वर तेच केलं, कारण सिनेमाच तसा बांधलाय. कान महोत्सवात ज्युरीचं खास पारितोषिक मिळालं, ऑस्करला परभाषिक सिनेमाचं आणि पुढच्या वर्षी दिग्दर्शकाचंही नामांकन मिळालं, ते रास्तच. पण त्या बाईसाठी माझा जीव अजून तुटतो.

बघाल तर 147 मिनिटांची पूर्ण आवृत्ती बघा, कापलेली नको. आवडला तर याच चौकडीचा, म्हणजे आबे, तेशिगाहारा, ताकेमित्सु आणि सेगावाचा, 1966 चा 'द फेस ऑफ अनदर' लगेच लावा. आणि दुसऱ्यांदा बघाल तेव्हा मास्तरकडे न बघता फक्त तिच्याकडे बघा.