सिमेंट न्हाई? मग धरतंय कशानं?

आमच्या घरामागच्या परड्यातल्या जुन्या कोब्याला एवढ्या भेगा पडल्या होत्या, की एका भेगेत टोमॅटोचं रोप उगवलं आणि त्याला चांगले टोमॅटोही लागले. त्यामुळं कोबा काढायला आईचा विरोध. शेवटी सीझन संपल्यावर परवानगी मिळाली.

पेव्हिंग ब्लॉक घालायचं ठरलं आणि गल्लीला कळलं. कोल्हापुरात काम गल्लीला कळलं की मालक फक्त पैसे द्यायला उरतो. झिगझॅग की डमरू, यावर कट्ट्यावर दोन गट पडले. रंग पेठेच्या फुटबॉल टीमच्या जर्सीचाच पाहिजे, यावर मात्र एकमत. चालायपुरते 60 मिलिमीटर जाडीचे ब्लॉक पुरतात, गाडी येणार असेल तर 80 चे. काका म्हणाले, "80 चेच घे. उद्या चारचाकी घेतलीस तर?" परड्याकडं जायचा बोळ अडीच फुटांचा आहे.

गवंडी आले. "मालक, खणताय कशाला? कोब्यावरच सिमेंटचा माल पसरू, वर ब्लॉक. परवा मोकळं!"

मी म्हटलं, खाली काळी माती आहे. उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. कोबा तिनंच फोडला. तो उखडायचा, माती काढायची, मुरूम थराथरानं पाणी मारून धुमसायचा, वर खडी, त्यावर इंच-दीड इंच कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा. कडेला कर्ब, म्हणजे काठाचे दगड, पक्के बसवायचे, ब्लॉकच्या सांध्यात बारीक वाळू. ब्लॉकखाली सिमेंट नाही.

गवंड्यांनी तंबाखू मळायची थांबवली. "सिमेंट न्हाई? मग धरतंय कशानं?"

"एकमेकांनी."

"आमच्या भावकीत सिमेंट घालून धरंना झालंय, मालक."

पुढचं काय सांगू! मुरूम ब्रासवर येतो, म्हणजे 100 घनफुटांच्या हिशेबानं. दारात ढीग पडला, की रात्री मांजरं आणि दिवसा पोरं त्याचे मालक. बोळातून घमेली वळेनात, म्हणून कोब्याचा राडारोडा देवघरासमोरून गेला. आईनं कामगारांना चपला काढायला लावल्या. उतार मीटरमागं दोन सेंटिमीटर, मोरीकडं. गवंड्यांनी लेव्हल ट्यूब बाजूला ठेवून बादलीभर पाणी ओतलं आणि ते कुठं पळतंय ते बघितलं. बरोबर पळालं, हे मान्य करावं लागेल. शेवटी ब्लॉक दाबायचं मशीन सुरू झालं, तशा शेजारच्या काकी पोरं घेऊन रस्त्यावर. कोयनेचे धक्के खाल्लेली माणसं आम्ही. भांडी वाजली की आधी दार गाठतो.

पाहुणे आता येतात, बघतात, "रंग जरा भडक झाला की ओ" म्हणतात. निम्मे पैसे जमिनीखाली गेलेत, पण मी मुरमाचा विषय काढला की चहाचं विचारतात.

गवंडी सध्या पलीकडच्या गल्लीत आहेत. तिथल्या मालकानं सिमेंटचं नाव काढलं की म्हणे ओरडतात, "छ्या! सिमेंट लावलं की बिघडलं. हे एकमेकांनी धरतंय. माझी पद्धतच हाय ती!"