पोखराचा विमानतळ, तो फिरणारा मेसेज आणि रस्त्याने जाण्याचा सल्ला

मुक्तिनाथ-पशुपतिनाथ यात्रेच्या व्हॉट्सअॅप गटांत एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. नेपाळमधल्या पोखराचा नवा विमानतळ चीनने निकृष्ट बांधला, म्हणून उद्घाटनानंतर १५ दिवसांत तिथे विमान पडून ७२ माणसं गेली. आता तिथे एकही विमान उतरत नाही. कर्ज फिटणार नाही आणि चीन विमानतळ ताब्यात घेणार. जगभरच्या विमान कंपन्यांनी चिनी बांधणीमुळे तिथे यायला नकार दिला आहे. तेव्हा विमानाच्या भानगडीत पडू नका, गाडी करून रस्त्याने जा, तेच सुरक्षित.

प्रत्येक मुद्द्याच्या मुळाशी काहीतरी खरं घडलेलं आहे, म्हणून मेसेज पटतो आणि पुढे जातो. मी खानदेशातला आहे. आमच्याकडून दरवर्षी माणसं नेपाळच्या यात्रेला जातात, आणि या मेसेजचं शेवटचं वाक्य वाचून मला गप्प बसवत नाही. तिथपर्यंत क्रमाने जाऊ.

"निकृष्ट बांधकामामुळे विमान पडलं"

विमानतळाचं उद्घाटन १ जानेवारी २०२३ ला झालं. १५ जानेवारीला काठमांडूहून आलेलं यती एअरलाइन्सचं एटीआर-७२ विमान उतरण्याच्या काही क्षण आधी सेती नदीच्या घळीत कोसळलं. ६८ प्रवासी, ४ कर्मचारी, कुणीच वाचलं नाही. विमान धावपट्टीपर्यंत पोचलंच नव्हतं. धावपट्टीचं काँक्रीट चांगलं की वाईट, हा प्रश्न त्या अपघातात येतच नाही.

मग झालं काय? चौकशी आयोगाचा अंतिम अहवाल २०२३ च्या अखेरीस आला. एटीआरच्या कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मधे लिव्हरची रांग असते. त्यात प्रोपेलरवर नियंत्रण ठेवणारे दोन कंडिशन लिव्हर असतात आणि त्यांच्या शेजारीच फ्लॅपचा, म्हणजे उतरताना पंखांच्या मागून खाली येणाऱ्या पट्ट्यांचा लिव्हर. विमान चालवणाऱ्या वैमानिकाने फ्लॅप ३० अंशांवर मागितले. शेजारच्या वैमानिकाने तसं उत्तरही दिलं, पण फ्लॅप हललेच नाहीत. हलले ते दोन्ही कंडिशन लिव्हर, आणि ते थेट फेदर स्थितीत गेले. फेदर म्हणजे प्रोपेलरची पाती हवेला कडेने धरतात, विमानाला पुढे ओढत नाहीत. इंजिनं चालू होती, पण ओढ शून्य. उतरण्याची परवानगी मिळाली तेव्हा चालवणारा वैमानिक दोनदा म्हणाला की इंजिनांमधून शक्ती मिळत नाहीये. याचं कारण दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. त्यांच्या हाती काही सेकंदच उरले होते. वेग पडला, विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांना ते उचलून धरता येईना.

आता विमानतळाशी जोडलेला भागही सांगायला हवा, कारण तो अहवालातच आहे. त्या दिवशी वैमानिकांनी ऐनवेळी धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे १२ क्रमांकाकडून उतरण्याची परवानगी मागितली. आजूबाजूच्या डोंगरांमुळे तिथे घट्ट वळण घेऊन यावं लागतं. त्या मार्गाचे धोके तपासून, त्यावर उपाय ठरवून, मंजूर नकाशा तयार करून मगच तो वापरायला हवा होता. तसं झालेलं नव्हतं, असं आयोगाने स्पष्ट नोंदवलं. वैमानिकांचं अपुरं प्रशिक्षण आणि कार्यपद्धती न पाळणं हेही नोंदवलं. उपकरणांच्या आधाराने उतरवणारी आयएलएस यंत्रणा तेव्हा सुरू झालेली नव्हती, हेही खरं.

म्हणजे दोष आहे, आणि तो गंभीर आहे. पण तो विमान कंपनीच्या प्रशिक्षणात आणि नेपाळच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाच्या घाईत आहे. सगळं खापर चिनी सिमेंटवर फोडलं की हे दोघे सुटतात. मला या मेसेजचा राग येतो तो इथे.

"एकही विमान उतरत नाही"

हे साफ खोटं आहे. काठमांडू ते पोखरा हा नेपाळमधल्या सर्वांत वर्दळीच्या देशांतर्गत मार्गांपैकी एक आहे. जेमतेम अर्ध्या तासाचं उड्डाण, आणि दिवसभरात बऱ्याच फेऱ्या. मुक्तिनाथाच्या वाटेवरच्या जोमसोमला जाणारी छोटी विमानंही इथूनच सुटतात. जुना विमानतळ १९५८ पासूनचा, धावपट्टी दीड किलोमीटरहूनही आखूड, त्यामुळे तिथे जेट विमान नियमित उतरवणं शक्यच नव्हतं. नवी धावपट्टी २,५०० मीटरची आहे.

ओस आहे तो आंतरराष्ट्रीय भाग. पहिली नियमित आंतरराष्ट्रीय सेवा सुरू व्हायला मार्च २०२५ ची अखेर उजाडली, आणि तीही ल्हासाहून आठवड्यातून एकदा. ज्या हिशेबावर एवढं मोठं कर्ज काढलं तो हिशेब चुकला, हे नेपाळमधलेच लोक उघडपणे बोलतात. टीका करायची तर ती इथे करावी.

"चीन विमानतळ ताब्यात घेणार"

कर्ज सुमारे २१ कोटी ६० लाख डॉलरचं, चीनच्या एक्झिम बँकेचं, करार मार्च २०१६ चा. यातलं २५ टक्के बिनव्याजी आणि उरलेल्यावर २ टक्के व्याज. फेडीची मुदत २० वर्षं. व्याजाचा दर पाहिला तर हे सावकारी कर्ज नाही. नेपाळच्या एकूण परकीय कर्जात सर्वांत मोठा वाटा जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेचा आहे, चीनचा वाटा त्यामानाने लहान. विमानतळ चालवतं नेपाळचं नागरी उड्डाण प्राधिकरण. ऑगस्ट २०२४ मध्ये नेपाळने हे कर्ज अनुदानात बदलून द्या अशी विनंती चीनला केली. ती विनंतीच सांगते की हप्ते जड जाणार आहेत. पण हप्ता जड जाणं आणि मालकी जाणं यात फार अंतर आहे.

उद्घाटनाच्या वेळी चिनी दूतावासाने हा प्रकल्प बेल्ट अँड रोड या चीनच्या परदेशांतल्या बांधकाम योजनेतला असल्याचं जाहीर केलं, तेव्हा नेपाळने ते मान्य केलं नाही. त्या योजनेच्या करारावर नेपाळने सही केली २०१७ मध्ये, कर्जाचा करार त्याच्या आधीच्या वर्षीचा. तारखाच बोलतात.

खरी लूट कुठे झाली याचा तपास नेपाळमध्येच सुरू आहे, आणि या मेसेजमध्ये त्याबद्दल एक अक्षर नाही. संसदेच्या लोकलेखा समितीच्या उपसमितीने २०२५ मध्ये या प्रकल्पातल्या गैरव्यवहारांवर अहवाल दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नेपाळच्या अख्तियार दुरुपयोग अनुसंधान आयोगाने, म्हणजे तिथल्या भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेने, विशेष न्यायालयात खटला भरला. त्यात माजी मंत्री आहेत, माजी सचिव आहेत, प्राधिकरणाचे अधिकारी आहेत, असे एकूण ५५ जण. शिवाय चिनी कंत्राटदार कंपनी. आरोप असा की बांधकामाची किंमत फुगवून ८ अब्जांहून जास्त नेपाळी रुपयांचा घोटाळा झाला. आरोप सिद्ध व्हायचे आहेत. पण एक छोटा देश स्वतःच्या माजी मंत्र्यांना अशा प्रकरणात कोर्टात उभं करतो, हे चीनने नेपाळ गिळला या गोष्टीत बसत नाही. फुगवलेल्या किमतीला सही करणारे हात काठमांडूतले होते, असं तिथला आयोगच म्हणतो आहे.

"जगभरच्या कंपन्यांनी नकार दिला"

कंपन्या येत नाहीत याची कारणं बांधणीत शोधून सापडणार नाहीत. दक्षिणेकडून नेपाळमध्ये शिरणाऱ्या विमानांचा मुख्य मार्ग सीमेजवळच्या सिमरा गावावरून आहे, तोही काठमांडूच्या सोयीचा. पोखरा किंवा लुंबिनीजवळच्या भैरहवाला यायचं तर पश्चिमेकडून शिरणं जवळचं आणि स्वस्त पडतं. ते मार्ग द्या अशी मागणी नेपाळ भारताकडे वर्षानुवर्षं करतो आहे. २०२३ च्या मे अखेरीस पंतप्रधान प्रचंड दिल्लीला आले तेव्हाही हा विषय होता. सीमेजवळच्या हवाई हद्दीचा प्रश्न असल्यामुळे भारताच्या बाजूने तो सहज सुटणारा नाही.

दुसरं कारण नेपाळी विमान कंपन्यांचं. युरोपीय संघाने डिसेंबर २०१३ पासून सर्व नेपाळी कंपन्यांना आपल्या आकाशात बंदी घातली आहे. तेव्हा पोखराचा हा विमानतळ कागदावरच होता. बंदीमागचा मोठा आक्षेप असा की एकच प्राधिकरण विमानतळ चालवतं आणि तेच सुरक्षेचं नियमनही करतं. स्वतःच्या कामाची तपासणी स्वतःच करायची. १५ जानेवारीच्या अपघातात मंजुरी नसलेला मार्ग वापरात कसा आला, याचं उत्तर बऱ्याच अंशी याच रचनेत आहे.

शिवाय भैरहवाचा गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ मे २०२२ मध्येच सुरू झाला होता. वर्षाला साधारण ११-१२ लाख परदेशी पर्यटक येणाऱ्या देशात आठ महिन्यांत दोन नवे आंतरराष्ट्रीय विमानतळ उघडले, आणि बहुतेक प्रवासी अजूनही काठमांडूलाच उतरतात.

"रस्त्याने जा, तेच सुरक्षित"

२३ ऑगस्ट २०२४. पोखराहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची बस तनहुँ जिल्ह्यात रस्ता सोडून मर्स्याङ्दी नदीच्या काठावर कोसळली. सुमारे १५० मीटर खाली. २७ माणसं गेली. बहुतेक सगळी जळगाव जिल्ह्यातली, वरणगाव-भुसावळ परिसरातली. हवाई दलाच्या विमानाने पार्थिवं महाराष्ट्रात आणावी लागली. एकाच घरातली दोन-दोन, तीन-तीन माणसं गेलेली गावं आहेत ही. ज्या जिल्ह्याने हे भोगलं त्याच जिल्ह्यातल्या गटांत "रस्ताच सुरक्षित" हा मेसेज फिरतो, आणि लोक खाली हात जोडल्याची चिन्हं टाकतात.

ही एकटी घटना नाही. त्याच वर्षी १२ जुलैला चितवनमधल्या सिमलताल इथे दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. साठहून अधिक प्रवासी होते. सप्टेंबरच्या अखेरच्या अतिवृष्टीत धादिङमधल्या झ्याप्ले खोला इथे काठमांडूकडे जाणारी वाहनं दरडीखाली गाडली गेली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, तिन्ही पावसाळ्याचे महिने. आपल्याकडे श्रावणात आणि चातुर्मासात यात्रा निघतात, नेमके तेच.

काठमांडू-पोखरा अंतर २०० किलोमीटरच्या आसपास, पण डोंगर, रुंदीकरणाचं काम आणि दरडी यांमुळे सात-आठ तास सहज जातात. गोरखपूरपर्यंत रेल्वेने, तिथून सुनौलीची सीमा ओलांडून बसने पोखरा, हा आपल्या लोकांचा नेहमीचा स्वस्त मार्गही घाटाघाटांचाच आहे.

याचा अर्थ नेपाळमधलं विमान निर्धोक आहे, असं मी म्हणत नाही. २९ मे २०२२ ला पोखराहून जोमसोमला निघालेलं छोटं विमान डोंगरावर आदळलं आणि २२ जण गेले, त्यात ठाण्याचं चार जणांचं कुटुंब होतं. २४ जुलै २०२४ ला दुरुस्तीसाठी पोखराला निघालेलं विमान काठमांडूतच उड्डाण करताना पडलं, १८ जण गेले. दोन्हींत पोखराच्या नव्या धावपट्टीचा संबंध नाही. एकात ढगाळ हवेत डोंगरातून उड्डाण होतं, दुसऱ्यात उड्डाणाच्या वेगाचा चुकीचा तक्ता.

म्हणून विमान की रस्ता असा एका ओळीचा निकाल पुढे ढकलण्यापेक्षा यात्रेचे पैसे भरण्याआधी आयोजकाला काही प्रश्न विचारा. पावसाळ्यात जाणं टाळता येईल का? बसला दोन चालक आहेत का, आणि डोंगरातला प्रवास रात्रीचा तर नाही ना? काठमांडू-पोखरा टप्पा विमानाने करायचा तर किती जास्त पैसे लागतील? जोमसोमचं विमान असेल तर हवा बिघडल्यास थांबायला एक मोकळा दिवस ठेवला आहे का? जोमसोमची विमानं भल्या सकाळीच उडतात, कारण दुपार जवळ आली की काली गंडकीच्या खोऱ्यात जोराचा वारा सुटतो. मोकळा दिवस नसला की आयोजक घाई करतो, आणि विमान रद्द झालं की तीच माणसं त्याच दिवशी जीपमध्ये बसवून बेनीच्या रस्त्याने वर पाठवतो. तो दिवस आधीच कार्यक्रमात लिहून घ्या.