सेरामाइड म्हणजे 'विषारी चरबी' नव्हे

"सेरामाइड ही पेशी मारणारी विषारी चरबी आहे. आहारातली चरबी बंद करा, रक्तातलं सेरामाइड शून्यावर आणा. मधुमेह आणि हृदयविकार टळतील." हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. सेरामाइड म्हणजे आपल्या पेशी स्वतः बनवतात तो एक स्निग्ध पदार्थ. त्यात खऱ्याचा थोडा अंश आहे, म्हणूनच तो पटतो आणि म्हणूनच घातक आहे.

'ते विष आहे.' त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या स्निग्ध पदार्थांत वजनाने जवळपास निम्मं सेरामाइड असतं. ते घटलं की त्वचेतून पाणी उडून जातं आणि ती कोरडी पडते.

'शून्यावर आणा.' मक्यावरच्या फ्युझेरियम बुरशीचं फ्युमोनिसिन बी-१ हे विष नेमकं हेच करायला जातं: सेरामाइड बनवणारं सेरामाइड सिंथेज हे एन्झाइम अडवतं. सेरामाइड घटतं, आधीच्या पायरीवरचं स्फिंगॅनिन साचतं. असा मका खाल्लेल्या घोड्यांच्या मेंदूतला पांढरा भाग मऊ होऊन विरघळतो.

'चरबी बंद केली की ते संपेल.' नाही. पेशी सेरीन (एक अमिनो आम्ल) आणि पामिटॉइल-कोए (पामिटेट या संपृक्त मेदाम्लाचं सक्रिय रूप) जोडून ते स्वतः बनवते, आणि पामिटेट यकृतात साखरेपासूनही तयार होतं. संपृक्त चरबीचा अतिरेक झाला तर सेरामाइड वाढतं, एवढं खरं.

'रक्तातल्या सेरामाइडचा एकूण आकडा बघा.' सगळ्यांत मोठी चूक इथे आहे. सेरामाइड सिंथेज सहा प्रकारचे. कोणता काम करतो त्यावर सेरामाइडमधल्या मेदाम्लाच्या कार्बन-साखळीची लांबी ठरते आणि लांबीवर परिणाम. लठ्ठ उंदरांत १६ कार्बनचं सेरामाइड बनवणारा सिंथेज-६ काढला, तर इन्सुलिन पुन्हा नीट काम करू लागलं. उलट लांब साखळ्या बनवणारा सिंथेज-२ अर्धा केला, तेव्हा १६ कार्बनचं वाढलं आणि स्थिती बिघडली. रक्तात मात्र २४ कार्बनचंच सर्वाधिक असतं, त्यामुळे एकूण बेरजेत घातक भाग झाकला जातो. म्हणून मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) प्रकार वेगवेगळे मोजून त्यांचं गुणोत्तर बघतात.

'त्याऐवजी स्फिंगोसिन-१-फॉस्फेट वाढवा, ते चांगलं.' सेरामाइडपासूनच बनणारा हा रेणू पेशींना जगण्याचा संदेश देतो. पण पेशी जगवणारा हाच संदेश कर्करोगाच्या पेशीही वापरतात. रक्तात हा रेणू जास्त, ऊतींत कमी. या फरकाच्या दिशेने लिम्फोसाइट (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) लसिका ग्रंथींतून बाहेर पडतात. मल्टिपल स्क्लेरोसिससाठी (रोगप्रतिकारक पेशी मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करतात तो आजार) अमेरिकेत २०१० मध्ये मान्य झालेलं फिंगोलिमोड हे औषध हीच वाट बंद करतं: त्यामुळे लिम्फोसाइटवरचा ग्राहक (हा संदेश पकडणारं प्रथिन) पेशीच्या आत ओढला जातो आणि लिम्फोसाइट ग्रंथीतच अडकतात. असेच ग्राहक हृदयावरही असल्याने पहिल्या मात्रेनंतर नाडी मंदावते; रुग्णाला किमान ६ तास देखरेखीखाली ठेवावं लागतं.