बाईच्या तोंडी हुकूम नसतो म्हणे!

आठवडाभरात तीनदा फिरून आलेला व्हॉट्सॲपवरचा मजकूर असा: पुरुष हुकूम सोडतो, बाई विनंती करते, हा निसर्गच आहे, शास्त्रानंही सिद्ध झालंय, खेड्यातल्या बाईला तर हुकूम ठाऊकच नाही, म्हणून बाईचं कोणी ऐकत नाही. खाली जोडलेल्या हातांची चार चित्रं. पाठवणारे एकजात पुरुष, हे आपलं सहज सांगितलं.

खेड्यातल्या बाईपासून सुरू करू, कारण तिथं मजकूर सगळ्यात कच्चा आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडच्या कुठल्याही वावरात धुऱ्यावर अर्धा तास बसून पाहा. बायांची टोळी घेऊन येणारी मोठी बाई आल्या आल्या तासं, म्हणजे कपाशीच्या ओळी, वाटते. "तू हे धर, तू थे धर. बोंड सोडू नको वो. कवडी येगळी टाक." (कवडी म्हणजे किडका, खराब कापूस.) ‘जरा’ नाही, ‘का’ नाही. पाण्याची कॅन घेऊन पोरगं रेंगाळलं की, "आण बे इकडं!" सांजेला वजनाच्या वेळी हीच बाई मालकापुढं म्हणते, "भाऊ, काटा एक डाव पाह्यता का जी?" बाई तीच, लुगडं तेच. बदलला तो समोरचा माणूस, आणि मजुरीचा चुकारा त्याच्या हातात आहे.

आता निसर्ग. बायको ‘मीठ संपलं’ म्हणते, ‘मीठ आणा’ म्हणत नाही, याला मजकूरवाला बाईपणाची गोडी समजतो. मग सालदाराचं काय? "मालक, डवऱ्याची पास बोथट झाली जी." (पास म्हणजे तण काढायच्या डवऱ्याचं पातं.) नवी आणा, असं तो मिशीवाला गडी साल संपेस्तोवर म्हणत नाही. दोघांचं बोलणं एकाच साच्यातलं. उलट सासू सुनेला विनंती करताना कोणी ऐकली आहे का? "सांजच्याला दळण आणजो," संपला विषय. मराठीत ‘मी गेलो, मी गेले’ यात बोलणारा कोण ते कळतं. ‘आण’ मध्ये कळत नाही. हुकमाला लिंगच नाही. आहे तो ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा हिशेब. नवरा बायकोला ‘तू’, बायको नवऱ्याला ‘तुम्ही’. विनंतीचा सूर तिथून येतो.

शास्त्राचं म्हणाल, तर ही चर्चा गाजली ती रॉबिन लेकॉफ या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ बाईंच्या १९७५ च्या पुस्तकामुळं. पण त्यांचा आधार बराचसा स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या बोलण्याचा होता, आणि कारण म्हणून त्यांनीही निसर्ग नव्हे, समाजातलं दुय्यम स्थान सांगितलं होतं. पुढं १९८० मध्ये ओ'बार आणि ॲटकिन्स यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या कोर्टातल्या साक्षी तपासल्या. तज्ज्ञ म्हणून साक्ष देणाऱ्या बाईत ते ‘बायकी’, म्हणजे मऊ, चाचरतं बोलणं फारसं नव्हतं. खालच्या पायरीवरच्या पुरुषांत मात्र सापडलं. मादागास्करच्या एका गावात तर इलिनॉर ओक्स यांना सगळं उलटंच दिसलं: पुरुष आडवळणानं बोलणारे, आणि बाजारात घासाघीस करायला, कोणाला तोंडावर सुनवायला बाया पुढं. निसर्ग तिकडं पोचला नसावा.

राहिलं ‘कोणी ऐकत नाही’. अमेरिकी डॉक्टरांवरच्या कँडेस वेस्ट यांच्या १९९० च्या अभ्यासात पुरुष डॉक्टरांच्या सूचना रुग्णांनी ४७ टक्के वेळा पाळल्या, बाई डॉक्टरांच्या ६७ टक्के. आणि त्या बाया ‘आपण असं करू या का’ छापाचंच जास्त बोलत होत्या. म्हणजे मऊ बोललं म्हणून काम अडतं, हेही खरं नाही.

अडतं ते दुसरीकडं. महाराष्ट्रातल्या पंचायतींत २०११ पासून बायांना ५० टक्के आरक्षण आहे. एका गावी मी स्वतः पाहिलं. सरपंच बाई नळाचं पाणी सोडणाऱ्याला म्हणाल्या, "मोटर सुरू कर." साधा, कडक आज्ञार्थ. त्यानं दाराशी उभ्या त्यांच्या नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं मान हलवली. मग मोटर सुरू झाली.