"दादा, जरा एचडी केलंय बघ"

काल रात्री साडेअकराला मोबाईल वाजला. गल्लीतल्याच एका पोराचा मेसेज. "दादा, तुझा सॉनिकवाला टाइलसेट जरा एचडी केलाय. ग्रुपवर टाकलाय, बघ की." टाइलसेट म्हणजे गेममधल्या जमीन-झाडांच्या चित्रांचा संच, रात्री जागून बनवलेला. खाली नमुना म्हणून एक जेपीजी, म्हणजे दाबून लहान केलेली फोटोची फाइल, त्यात चित्राचे बारकावे बिघडतात. जेपीजी! मी ताडकन उठून बसलो. बायको दचकली, म्हणाली, "कोण गेलं का?" आता तिला काय सांगायचं, कप्पाळ?

मी विश्रामबागेत फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो. वाढदिवस, श्रद्धांजली, दहा बाय वीसचे बोर्ड. माणसं फोटो आणतात कसला, तर व्हॉट्सॲपवर चार तालुके फिरून आलेला, नखाएवढा. "दादा, जरा मोठं करून द्या की, कॉम्प्युटरवर होतंय की सगळं." होतंय की. नाक कुठलं आणि मिशी कुठली एवढंच कळत नाही. मग बोर्ड चौकात लागला की तोच माणूस तणतणत परत येतो, "साहेबांचा चेहरा असा का आला ओ?" हे मी बारा वर्षं ऐकतोय. दिवसा ऐकायचे पैसे मिळतात. पण रात्री दहानंतरचा तास-दीड तास माझा स्वतःचा आहे. तिथंही हेच ऐकायचं?

तर तो तास कशात जातो ते सांगतो. जाझ जॅकरॅबिट २ नावाचा गेम आहे, १९९८ चा. हिरवा ससा, हातात बंदूक, सुसाट पळतो. गेमबरोबर लेव्हल बनवायचा एडिटरही होता, जाझ क्रिएशन स्टेशन. म्हणून जगभरात काही खुळी माणसं आजही त्याच्या लेव्हल बनवतात, आणि त्यातला एक खुळा सांगलीच्या गावभागात राहतो. लेव्हल बनवायला टाइलसेट लागतो, म्हणजे जमीन, गवत, झाडं, भिंती यांच्या ३२ बाय ३२ पिक्सेलच्या फरशा. कुणी त्या स्वतः काढतं, कुणी मारिओ, कमांडर कीन, सॉनिक अशा जुन्या गेमची चित्रं या गेमच्या साच्यात बसवतं. मी सॉनिकची पहिली लेव्हल, ग्रीन हिल, बसवली. १९९१ चा गेम. लहानपणी मिरजेला मामेभावाकडं सेगा, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन होतं, तो मला दिवसातून पाचच मिनिटं कंट्रोलर द्यायचा. त्याचा हा सूड समजा.

आणि हे म्हणे "नुसतं कॉपी-पेस्ट". ग्रुपवरच्या एका शहाण्याचं वाक्य आहे. ये बाबा, बस माझ्या खुर्चीत आणि कर पेस्ट.

सेगाच्या मशीनला पडद्यावर एका वेळी साधारण साठेक रंग, सोळा-सोळाच्या चार पट्ट्यांत. जाझला २५६ रंगांचा एकच पॅलेट, म्हणजे नंबर दिलेल्या रंगांची पेटी, त्यातही काही घरं सशासाठी आणि इतर स्प्राइटसाठी, म्हणजे हलत्या चित्रांसाठी राखीव. त्या घरांना हात लावला की ससा जांभळा. पॅलेटमधला शून्य नंबर म्हणजे पारदर्शक. रंग डोळ्याला काळा दिसतो की निळा, याला गेम विचारत नाही, तो नंबर बघतो. फोटोशॉपनं सेव्ह करताना आपल्या मनानं नंबर इकडचे तिकडे केले, की तपकिरी माती पोपटी होते. माझी तीन वेळा झाली.

मग तो धबधबा. ग्रीन हिलचा धबधबा वाहताना दिसतो ना, त्यातलं चित्र हलतच नाही. सेगानं निळ्याच्या चार छटा पॅलेटमध्ये गोल फिरवल्यात, खो-खोसारख्या, आणि पाणी वाहल्यासारखं दिसतं. काय डोकं लावलंय! पण जाझमध्ये ती सोय मला नाही. म्हणून प्रत्येक फ्रेमची फरशी वेगळी काढायची आणि अ‍ॅनिमेशनमध्ये ओवायची. एका धबधब्याला माझे सहा रविवार गेले. बायको विचारते, पाणी आलं का? मी म्हणतो, येतंय. ती नळाचं विचारत असते.

पण खरा जीव जातो तो मास्कवर. चित्राइतकंच दुसरं एक चित्र बनवायचं. तिथं शून्य (दिसायला काळं) असेल ती पोकळ हवा, दुसरा कुठलाही रंग असेल ती घट्ट जमीन. ससा काय बघतो? मास्क. तुमचं सुंदर गवत त्याला दिसतच नाही. गवताची टोकं मास्कमधून वगळायची, म्हणजे पाय दोन-तीन पिक्सेल गवतात रुततात आणि ससा खरंच गवतात उभा वाटतो. उतारावर तर एकेक उभी ओळ मोजायची, नाहीतर दोन फरशांच्या जोडावर पळता ससा ठेचकाळतो. मी हे माऊसनं, एकेक पिक्सेल, ४०० टक्के झूम करून केलंय. मान धरली, डॉक्टर म्हणाले उशी बदला. उशीचा काय दोष?

आता गल्लीतल्या त्या चिरंजीवांनी काय केलं ते ऐका. माझं चित्र मोठं केलं. गुळगुळीत केलं. फरशी ३२ चीच लागते असं कळल्यावर परत लहान केलं! मग जेपीजी. मग जेपीजीची परत बीएमपी, म्हणजे गेमला लागणारी न दाबलेली फाइल. हे त्यांचं एचडी. दह्याचं ताक, ताकाचं परत दही, आणि वर मलई आलीय म्हणून सांगायचं.

बरं, चित्रापुरतं थांबला असता तर एक वेळ दात-ओठ खाऊन गप्प बसलो असतो. पठ्ठ्यानं मास्कलाही तेच केलं. जेपीजी झाली की कडेला बारीक किटाळ उडतं, जवळजवळ काळं. डोळ्याला दिसत नाही. पण "जवळजवळ काळं" म्हणजे शून्य नव्हे, म्हणजे घट्ट जमीन! मी रात्री बाराला त्याचा टाइलसेट लावून लेव्हल उघडली. ससा पळाला, उडी मारली आणि हवेतच डोकं आपटलं. पुढं गेलो, तर माडाच्या झाडाशेजारी रिकाम्या आकाशात अधांतरी उभा. खाली उतरेना. मी नुसता बघत बसलो. माझ्या सहा महिन्यांच्या कामाचा त्रिशंकू केला होता भडव्यानं.

आणि बरोबरच्या टेक्स्ट फाइलमध्ये काय? "मेड बाय" आणि स्वतःचं नाव, इमोजीसकट. माझं नाव नाही ते नाही, सेगाचंही काढून टाकलेलं! मला माहितीय, मूळ चित्रं माझी नाहीत. ती सेगाच्या कलाकारांची, मी कोण त्यावर हक्क सांगणारा? म्हणून तर मी पहिल्या ओळीत लिहिलं होतं की ग्राफिक्स सेगाचे, मांडणी आणि मास्क माझे, विकू नका. तीन ओळींची फाइल. ती उडवायला मुद्दाम हात लागतो, आपोआप होत नाही.

सकाळी गाठला त्याला भडंगाच्या गाडीवर. म्हटलं, भावा, असं का केलंस? तर म्हणतो, "दादा, फुकटचंच तर आहे, त्यात काय एवढं? लोकांनी लाइक केलंय की." फुकटचं! अरे, २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या घरात माळ्यावर काय चढवलं होतं माहितीय का? आईनं देव चढवले, वडिलांनी सात-बाराची पिशवी, आणि मी कॉम्प्युटरचा डबा डोक्यावर धरून जिना चढलो. पहिला अर्धवट टाइलसेट त्यातच होता. वडील अजून त्यावरून बोलतात.

शेवटी आवाज खाली आणला. पोरगं वाईट नाही, हौशी आहे, गल्लीत तेवढाच एक असल्या गोष्टीत रमतो. म्हटलं, ठीक आहे, आपण बसून दुरुस्त करू. तुझ्याकडची मास्कची फाइल पाठव, पण फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून. कळलं? "कळलं की दादा."

दुपारी दुकानात असताना आली. मॉनिटरचा मोबाईलनं काढलेला फोटो. तिरका. वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइट चमकतीय आणि खाली त्याचा अंगठा.