रसवंतीवरचं निदान

"आमच्याकडे तर हाफ सेल्फमध्ये चालू झाली!" हे वाक्य गेल्या दोन महिन्यांत मी तीन मिस्त्रींच्या तोंडून ऐकलंय. चौथा म्हणाला तर हातात पाना घेऊन ऐकेन. अहो, रात्रभर तुमच्या दारात उभा असलेला टेंपो सकाळी चालू होणारच. माझं रडगाणं दुपारचं आहे: तापलेला टेंपो एकदा बंद केला की लगेच पुन्हा चालूच होत नाही.

टेंपो १९९८ चा, वडिलांनी घेतलेला. दरवर्षी पासिंगला नेताना पोटात गोळा येतो, पण मंडपाच्या धंद्यात नवी गाडी घ्यायची म्हणजे आधी स्वतःचंच लग्न पुन्हा लावून आहेर गोळा करावा लागेल. तर गेल्या शनिवारी वाईचं काम होतं. मागे दोनशे खुर्च्या, कमानीचे पाइप आणि सगळ्यात वर दोरीने आवळलेलं नवरा-नवरीचं लाल मखमली सिंहासन. पुण्याकडे येणाऱ्याला खंबाटकीत इतकी वर्षं बोगदा, जाणाऱ्याने मात्र घाट चढायचा. पुणं सोडून जाणाऱ्यांवर हा राग का, कोण जाणे. घाट संपल्यावर सुरूरच्या अलीकडे मी चहाला थांबलो आणि इंजिन बंद केलं. चुकलंच.

दहा मिनिटांनी चावी फिरवली. सेल्फ टणाटणा फिरतोय, इंजिन ढिम्म.

महाराष्ट्रात रस्त्यात बंद पडलेल्या कुठल्याही डिझेल गाडीने पहिली पाच मिनिटं 'एअर धरलेली' असते, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा अडकलेली. चार जण जमले, चौघांनी हेच सांगितलं. मीही मुकाट्याने फिल्टरवरचा बोल्ट सैल केला, हातपंप मारला. एकही बुडबुडा नाही. शर्टावर मात्र डिझेल.

"पावनं, आधी ते सिंव्हासन खाली घ्या."

शेजारच्या रसवंतीचे मामा. गांधी टोपी, खांद्यावर ओलं फडकं.

"सिंहासन कशाला?"

"गुडघं दुखत्यात. उभ्यानं इचार व्हत न्हाय."

आणि मी ते उतरवलं! उन्हात माणसाची बुद्धी अशीच जाते. मामा वराच्या बाजूला बसले, टोपी सरळ केली आणि दरबार सुरू झाला.

"सकाळच्याला हुतं चालू?"

"लगेच."

"तासभर हुबं ऱ्हायलं की?"

"होतं."

"शेल्फ कसा फिरतुय? दमून का जोमात?"

"जोमात."

"मंग ब्याटरी न्हाय, शेल्फ न्हाय." थोडं थांबून, "ब्याटरी बदलली?"

"बदलली."

"शेल्फला?"

"बुश, कार्बन... सगळं घातलं."

मामा हसले नाहीत. गर्दीकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली, आणि मग गर्दी हसली. ते मला जास्त लागलं.

निदान त्यांनी सिंहासनावरूनच सांगितलं. रोटरी पंप, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरना दाबाने डिझेल पुरवणारा पंप, झिजलाय. डिझेल गार असतं तेव्हा दाट असतं, झिजेतूनही दाब धरतं. तापलं की पातळ होतं आणि हेड-रोटरच्या, म्हणजे पंपातला फिरता दांडा आणि त्याच्या घराच्या, फटीतून आतल्या आत निसटतं. सेल्फच्या संथ फिरण्यात मग इंजेक्टर उघडण्याएवढा दाबच तयार होत नाही. गाडी पळत असते तेव्हा वेग असतो, टाकीतलं गार डिझेल येत राहतं, त्यामुळे कळत नाही. बंद केली की इंजिनची सगळी धग पंपात मुरते. "माज्या चरकाच्या इंजनानं दोन उन्हाळं ह्येच केलं," मामा म्हणाले.

मी उत्साहात बर्फाच्या लादीकडे धावलो. मामा सिंहासनावरून ओरडले, "आरं थांबा! तापल्या पंपावर डायरेक बर्फ ठिवला तर जाम हुईल त्यो. तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठिवता का लादी ठिवता?"

मग खांद्यावरचं फडकं बर्फाखाली साचलेल्या पाण्यात पिळून पंपाला गुंडाळलं. ते निथळेपर्यंत आलं-लिंबू घातलेला रस. पाच मिनिटांनी पुन्हा पाणी, पुन्हा रस. मध्येच वधूच्या मामांचा फोन: "सिंहासन कुठंवर आलं?" वापरात आहे, असं कसं सांगणार?

चावी फिरवली. धडधड! टाळ्या पडल्या, त्याही मामांसाठी. बिल सहा ग्लासांचं. मी दोन प्यायलो होतो. चार 'एअर धरली'वाल्यांचे. फडकं मात्र फुकट. "ऱ्हाऊ द्या गुंडाळल्यालं, परतीला लागंल."

हसून सांगतोय, पण डोक्यातून जात नाही. मिस्त्रींना दर वेळी सांगितलं होतं, गाडी घाटात तापवून आणा आणि मग बघा. "डिझेल कोण घालणार?" डिझेलला चार पैसे नकोत, बॅटरीला हजारो चालतात; आणि सेल्फ जोमात फिरतोय की दमून, हा फुकटचा प्रश्न तिघांपैकी एकालाही पडला नाही. मलाही पडला नाही, ते वेगळं.

सोमवारी टेंपो गॅरेजवर नेला. म्हटलं, पंप खोला, हेड-रोटर बघा. मिस्त्रीने बॉनेट उचललं. रसाने माखलेलं ते फडकं अजून पंपावर होतं आणि त्यावर लाल मुंग्यांची रांग डिझेलच्या पाइपवरून खाली चालली होती. मिस्त्री बराच वेळ बघत राहिला, मग टॉर्च लावून त्याने निवांत निकाल दिला:

"मुंग्या झाल्यात हो. म्हणूनच चालू होत नव्हती."